दारात गड्याच्या चपला

दि. १२ फेब्रुवारी २०२६

तीर्थस्वरूप दादास,
अंजूचा साष्टांग नमस्कार.

पत्राची पहिली ओळ खुशालीची, असं आबांनी शिकवलं होतं. ते सांगायचे आणि तू शहादेवमामाला कार्ड लिहायचास. घरात कुणी तापानं फणफणलेलं असलं तरी पहिली ओळ तीच. म्हणून मीही तशीच लिहिते. लाल शेळी व्याली, दोन करडं झाली. हरभरा घाट्यावर आलाय. शेजारची कौशल्याकाकू मला दोन्ही वेळची भाकरी आणून देते. वहिनीला नमस्कार, संस्कृतीला गोड पापा.

तुझा मेसेज मिळाला. "गावात माझ्याबद्दल काय सांगत फिरतेस?" एवढाच. त्यानंतर तुझा फोन लागत नाही. पोस्टमनला कुणाला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. फाडू नकोस. निदान पहिल्यांदा वाचून मग फाड.

दहाव्याला गोदेच्या काठावर जे झालं ते मी विसरलेले नाही. तू नुकतंच डोकं भादरून, ओल्या अंगानं पिंडापुढं बसलेला. भावकीतले अर्जुनराव सगळ्यांच्या पुढं येऊन म्हणाले, "घरात असून मायला पाणी न्हाई पाजलं, आता पिंडाला पाजतो का बे?" कुणीही त्यांना गप्प केलं नाही. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. तू तसाच उठलास, न जेवता गेलास, आणि तेराव्याला आला नाहीस. तेरावा शहादेवमामांनी केला.

तुला वाटतं मी खाली बघितलं म्हणजे मीच ते पसरवलं. तसं नाही. आई पडली त्या दिवशी तू घरात होतास, असं सगळं गाव मानतं. तू नव्हतास हे फक्त मला माहीत आहे. तुला तर आहेच. आणि आईला होतं. गाव असं का मानतं तेही मला माहीत आहे, पण ते न सांगण्याचं वचन मी आईला दिलं होतं. आज ते मोडते आहे. मात्र मला सुरुवातीपासून सांगू दे. मधूनच सांगितलं तर तुला नुसता राग येईल आणि आईची नुसती लाज जाईल.

माझ्या एम. ए. च्या प्रबंधाचा विषय तुला सांगायचा राहूनच गेला. 'ग्रामीण भागातील वृद्धांची स्थिती'. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडची गावं रिकामी होतात, म्हातारी माणसं मागं राहतात, त्यांच्यावर लिहायचं असं मी ठरवलं. मला वाटलं होतं, आकडे कुठं ना कुठं असतीलच. आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळं माझा एक भाबडा समज होता: जे जे खरं आहे ते ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुठल्यातरी कपाटात लिहून ठेवलेलं असतं. आपण फक्त नीट शोधायचं.

मी वर्षभर शोधलं रे. जनगणनेचे तक्ते पाहिले. शेवटची जनगणना २०११ ची, नवी अजून व्हायचीच आहे. तेव्हा मी तिसरीत होते आणि आई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन पळत यायची. त्या तक्त्यात ती म्हातारी नाहीच. जिल्ह्याचं समालोचन पाहिलं. त्यात विहिरी, शेळ्या, पिठाच्या गिरण्या, सगळं सापडलं. दिल्लीहून निघालेला वृद्धांवरचा एक जाडजूड इंग्रजी अहवाल मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचला. त्यात 'एकटे राहणारे' असा रकाना होता. तो पाहून मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या मुलीला हलवून दाखवला. पण तो रकाना राज्यापर्यंत येतो आणि थांबतो. बीड जिल्हा त्यात नाही. तलवाडा नाही, आपलं गाव तर नाहीच नाही.

मग एका सर्वेक्षणाची सूचनापुस्तिका हाती लागली. त्यात लिहिलं होतं की सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेरगावी असलेला माणूस घरातलाच धरावा. मी ते वाक्य चारदा वाचलं. ऊसतोडीचा हंगाम साधारण तेवढ्यातच बसतो की. म्हणजे तीन लेक कारखान्यावर आणि म्हातारी इथं चुलीपुढं एकटी, तरी कागदावर घर भरलेलं.

मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं, आकडा कुठंच नाही. त्या म्हणाल्या, "नाही ना? मग रडतेस काय? तू जा आणि मोजून आण." मी इतकी खूश झाले, दादा. मला वाटलं, माझ्या हातून पहिल्यांदा आपल्या गावाचं काही खरं लिहिलं जाईल. कुणीतरी ते वाचेल. इथं एखादी नर्स येईल, दुपारचं जेवण येईल, कुणी रोज एकदा दार वाजवून जाईल. खरंच मला असं वाटत होतं.

पौषात मी प्रश्नावली घेऊन गावात आले. निम्म्या घरांना कुलपं, उरलेल्यात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. पहिलं घर मुक्ताआजीचं.

"आजी, घरात कोण कोण राहतं?"

"समदेच की. तीन लेकं, तीन सुना, सात नातवंडं. लिही."

"आता कुठं आहेत?"

"आता कारखान्यावर हायेत."

"मग सध्या तुम्ही एकट्याच?"

तिनं सुपातले दाणे पाखडायचे थांबवले. "एकटी? एकटी बाभळ आसती माळावर. माझं भरलं घर हाय. तू शिकून आलीस का भांडाया आलीस गं?"

भागवततात्यांकडे गेले. त्यांना वय विचारलं तर म्हणाले, "लिही पंचवीस. अन् हाय का एखादी जागा बघण्यात?" मग हसून हसून खोकले. मोठ्या दुष्काळात खडी फोडायला होतो, मिसरूड फुटलं नव्हतं, एवढाच त्यांचा जन्मदाखला. घरात कोण असतं असं विचारल्यावर त्यांनी नुसतं बोटानं दाराकडे दाखवलं. दारात गड्यामाणसाच्या चपला होत्या.

"कुणाच्या, तात्या?"

"थोरल्याच्या. दिसत न्हाई का? घरातच हाय त्यो."

थोरला दिवाळीनंतर कोयता घेऊन गेलेला. त्यातल्या एका चपलेत कोंबडीचं पिल्लू निवांत बसलं होतं. तात्यांनीही ते पाहिलं, मीही पाहिलं.

त्यानंतर मला प्रत्येक दारात ते दिसू लागलं. जिथं जिथं म्हातारं माणूस एकटं, तिथं उंबऱ्याबाहेर पुरुषाच्या चपला. कुठं बूट, कुठं नुसतेच सँडल. पायाच्या मापावरून कळायचं की त्या घरातल्या कुणाच्याच नाहीत, किंवा ज्याच्या आहेत तो इथं नाही. मी एवढी वर्षं याच गावात वाढले, पण कधी लक्ष गेलं नव्हतं. आपल्या घरात आबा होते, तू होतास. दारात चपला असणारच.

संध्याकाळी मी आईला विचारलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "गड्याची चप्पल दारात आसली की कुत्रं बी इचार करून आत येतं."

"फक्त चोरांसाठी?"

"चोराचं काय एवढं? चोर काय न्यायचा हितनं?" तिनं सोललेल्या पाकळ्या बाजूला सारल्या. "लोकं म्हणत्यात ना. लेकानं टाकली म्हणत्यात. त्ये आईकायचं कुणी?"

मग मी तिचीही प्रश्नावली भरली. खेळ म्हणून. नाव मनकर्णा मुंजाजी. वय आधार कार्डावरचं. घरात कोण कोण? ती बोटं मोडत सांगू लागली, "तू, परमेश्वर, सूनबाई, संस्कृती, मी."

"आई, दादा दोन वर्षांत आलेला नाही."

"मग? माझ्याच घरचा हाय ना त्यो? का बदलला?"

मी लिहिलं: मुलासोबत. ती जे सांगेल ते लिहायचं, असा नियम आहे.

दादा, आता इथून पुढचं लिहायला मला जड जातंय. दोनदा उठून शेळीला पाणी दाखवून आले. तिला तहान नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तू आईला चाकणला नेलं होतंस. तू चांगल्या मनानंच नेलंस, मी कधी दुसरं मानलं नाही. एका खोलीत चार माणसं, तुझी रात्रपाळी, वहिनीचं शिवणकाम. आई दिवसभर जिन्यात बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठल्या गावचे?" विचारायची. वहिनी एकदा काही बोलली, आई एकदा काही बोलली, मग तू बोललास. तू काय बोललास ते आईनं मला कधीच सांगितलं नाही. तू तुझ्या मित्राच्या गाडीतून तिला मांजरसुंब्यापर्यंत आणलंस, तिथं गेवराईच्या गाडीत बसवलंस आणि परत फिरलास. गावात येऊन तिनं सगळ्यांना सांगितलं, परमेश्वरानं घरापर्यंत सोडलं, लगेच जावं लागलं.

तिच्या पिशवीत तुझ्या तपकिरी चपला होत्या. एका पट्ट्याला काळ्या दोऱ्याचे टाके घातलेल्या. आठवतात? तू नव्या घेतल्यावर वहिनीनं त्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवल्या होत्या. आईनं त्या लुगड्यात गुंडाळून आणल्या.

मी विद्यापीठात राहायला गेल्यावर तिनं त्या बाहेर काढल्या. पण आपली आई इतरांपेक्षा हुशार होती. रोज ठेवल्या तर खोटं वाटेल, हे तिला कळत होतं. म्हणून ती त्या अधूनमधून ठेवायची. सणावाराला, नाहीतर एखाद्या शनिवारी. संध्याकाळी अंधार पडला की ओल्या फडक्यानं पुसून उंबऱ्यापाशी ठेवायची, जशा तू काढायचास तशा, एक सरळ आणि एक आडवी. दुसऱ्या दिवशी आत घ्यायची आणि कौशल्याकाकूला सांगायची, "परमेश्वर रातच्याला आलता गं. पहाटं गेला. कंपनी सोडत न्हाई त्येला." कधी कधी म्हणे पुरणही शिजवायची, म्हणजे शेजारी वास जाईल.

असा तू दोन वर्षं दर सणाला गावात येत होतास. लोक थोडी टीका करायचे, मोठा साहेब झाला, पारावर तोंड दाखवत नाही म्हणायचे. पण शेवटी म्हणायचे, काही म्हणा, मायला विसरला न्हाई.

हे मला ठाऊक होतं का, असं तू विचारशील. चपलांचं पौषातच कळलं होतं. तू येऊन जातोस हे ती सगळ्यांना सांगते, हे मला दवाखान्यात कळलं.

जानेवारीत सप्ताह बसला. मी तेव्हा विद्यापीठात परतले होते, आणलेली माहिती संगणकात भरत होते. काल्याच्या आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला. "उद्या काला हाय. येतीस का?" मी म्हटलं, आई, एक नवीन अहवाल आलाय, तो मिळतोय का बघते, रविवारी येते. ती म्हणाली, "बघ बघ. चांगला मिळू दे." फोन ठेवला आणि तिनं तुझ्या चपला पुसून बाहेर ठेवल्या. काल्याला गावातली सगळी पोरं बाहेरगावाहून येतात ना. परमेश्वर आला नाही असं कुणी म्हणायला नको.

सकाळी ती न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. पुढचं दार आतून लावलेलं होतं.

कौशल्याकाकू काल्याला निघाली तेव्हा तिनं रस्त्यातून हाक मारली, "मनकर्णे, येतीस का गं कीर्तनाला?" उत्तर आलं नाही. तिनं दारात बघितलं. चपला होत्या. ती बरोबरच्या बायकांना म्हणाली, "लेक आलाय. आज कशाला येती ती? मायलेक बोलत बसले आसतील." त्या हसल्या आणि पुढं गेल्या. दुपारी महाप्रसादाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, मनकर्णा दिसत न्हाई. पुन्हा तेच उत्तर, लेक आलाय. रात्री दिवा लागला नाही, तर काकूला वाटलं, लवकर निजले, त्याला पहाटं निघायचं असतं.

मी त्या दिवशी दोनदा फोन केला. वाजत राहिला. मला वाटलं, कीर्तनात आहे.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. आठवड्यातून एकदा येतं, तुला माहीत आहे. सगळ्यांचे हंडे रांगेत लागले, आईचा नाही. तेव्हा काकूला शंका आली. मागच्या बाजूनं पोरं चढवली, दार काढलं. आई थंडीत, ओल्या लुगड्यानं, फरशीवर होती. शुद्धीत होती, दादा. ती हाका ऐकत होती. कीर्तनाचा लाऊडस्पीकरही ऐकत होती. तिनं ओ दिली होती, पण बाहेर आवाज पोचला नाही.

मी बीडला दवाखान्यात पोचले तेव्हा तिनं मला पहिली गोष्ट काय विचारली असेल? "चपला आत घेतल्यास का?"

मी म्हटलं, दादाला बोलावते. तिनं माझं मनगट धरलं. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कुणास ठाऊक.

"नको. बोलवू नको त्येला."

"का गं आई?"

"आगं, कालच तर येऊन गेलाय त्यो. आता परत आला तर लोकं इचारत्याल, कावून आला? अन् त्येच्या तोंडावरनं कळंल ना समद्यास्नी."

बघ, दादा. तुझ्या खोट्या येण्यानं तुझं खरं येणं अडवलं. तू रागावला होतास म्हणून ती नको म्हणाली नाही, तिला तुझा राग होता म्हणूनही नाही. तू आला असतास तर तू आधी कधीच आला नव्हतास हे उघडं पडलं असतं. काकू भेटायला आली आणि विचारलं, "पोरगं कुठं गेलं गं तुला सोडून?" तर ती म्हणाली, "ड्युटी हुती त्येची. पहाटं गेला, मी मागनं पडले." काकूनं तिथं मान हलवली. पण बाहेर येऊन बायकांना म्हणाली, पहाटं गेला म्हणती, पण चपला तर दिसभर दारात हुत्या. त्यावरून गावानं आपली गोष्ट जुळवली. माय न्हाणीत पडली, लेक घरात होता, त्यानं बघितलं, आणि चपला तशाच टाकून मागच्या मागं निघून गेला. कुणी म्हणतं भांडण झालं. कुणी त्याहून वाईट म्हणतं, ते मी लिहीत नाही.

शेजारच्या खाटेवरच्या बाईला आई सांगायची, "लेक आलाय, खाली च्या प्यायला गेलाय." त्या बाईनं एकदा मला विचारलं, "तुझा भाऊ अजून च्याच पितोय का?" मी म्हटलं, हो.

मी रोज विचारायचे, आता तरी बोलावू? ती मान हलवायची. एकदा मी वऱ्हांड्यात जाऊन वहिनीचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. मला वाटलं, शस्त्रक्रिया होईल, ती बरी होईल, मग सावकाश समजावू. पण थंडीनं छाती भरली होती, ती मोकळी झालीच नाही. शेवटच्या दिवशी तिनं मला वचन मागितलं, गावात सांगू नको म्हणून. मी दिलं. मग मामांनी त्यांच्या फोनवरून तुला कळवलं. तू आलास, अग्नी दिलास. तू किती रडलास ते मी पाहिलंय. गावातल्या लोकांनीही पाहिलं. त्यांना ते पश्चात्तापाचं वाटलं.

आता तू म्हणशील, वचन गेलं खड्ड्यात, गावाला खरं का सांगत नाहीस? मीही स्वतःला हेच म्हणत होते. मी तर खऱ्यासाठीच शिकायला निघालेली मुलगी. परवा मी कौशल्याकाकूपासून सुरुवात करायची ठरवलं. ती भाकरी घेऊन आली. मी म्हटलं, "काकू, त्या दिवशी दादा घरात नव्हता."

"व्हता की. चपला मी ह्या डोळ्यांनी बघितल्या."

"चपला आईनंच ठेवल्या होत्या."

तिनं ताट खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "न्हाई अंजू. व्हता त्यो. व्हता म्हणून तर मी फुडं गेले. नसता तर मी गेले आसते का गं? तूच सांग, मी तिला एकलीला टाकून पंगतीला बसले आसते का?"

आणि ती पदर तोंडाला लावून अशी रडली की मला तिला धरावं लागलं. मला म्हणावं लागलं, हो काकू, होता तो.

तेव्हा मला कळलं की तू घरात होतास हे काकूसाठी खरं असायलाच हवं. त्या सगळ्या बायकांसाठी. भागवततात्यांसाठी, मुक्ताआजीसाठी. त्यांच्याही दारात चपला आहेत. मी खरं सांगितलं तर उद्या प्रत्येक दारातल्या चपलांकडे गाव वेगळ्या नजरेनं बघेल.

आणि मी सांगितलं नाही तर तू जन्मभर 'घरात असून' वाला लेक राहशील. संस्कृती मोठी होऊन इथं येईल तेव्हा तिलाही कुणीतरी ते ऐकवेल.

दोन दिवस मी यावर विचार केला. प्रबंधाची पानं समोर ठेवून बसले. मॅडमचा फोन आला होता, म्हणाल्या, घाई करू नकोस, पण तुझी माहिती मोलाची आहे, कुठंच नाही अशी. मला हसू आलं आणि मग दुसरंच काही आलं. माझ्या तक्त्यात साठीच्या वरची सगळीच्या सगळी माणसं कुटुंबासोबत राहतात. दिल्लीच्या अहवालाहूनही माझा आकडा चांगला आहे.

दादा, मी ठरवलंय. महिन्याचं श्राद्ध २७ तारखेला आहे. भावकी येईल, अर्जुनराव येतील, काकू येईल. त्या दिवशी मी सगळ्यांपुढं उभी राहून सांगणार आहे की तू घरात नव्हतास. आईची माफी मी माझ्या परीनं मागितली आहे. मुक्ताआजीसारखं तीही म्हणेल, शिकून भांडाया आलीस. म्हणू दे. तिची लाज मोठी होती हे मला मान्य आहे. पण त्याच लाजेपायी ती दिवसरात्र फरशीवर पडून राहिली, आणि मागं अजून मुक्ताआजी आहे, तात्या आहेत. काकूला मी आदल्या दिवशी जवळ घेऊन सांगेन, एकटीला.

तुझ्यावरचा तो आळ मी पुसून टाकीन. तेवढं माझ्या हातात आहे. मी शपथेवर सांगेन, माझा भाऊ त्या दिवशी घरात नव्हता. संक्रांतीला नव्हता. दिवाळीला नव्हता. त्याआधीच्या दिवाळीलाही नव्हता. मला एकेक करून सगळंच सांगावं लागेल, कारण एवढं एकच खोटं आणि बाकीचं खरं, असं कुणी मानणार नाही.

मग अर्जुनराव विचारतील. ते विचारल्याशिवाय राहणार नाहीत. काकूही विचारेल, डोळे पुसून. म्हणतील, घरात नव्हता, बरं. मग होता कुठं?

त्याचं उत्तर मी देणार नाही. मला येत नाही म्हणून नव्हे. ते माझं नाही म्हणून.

२७ तारखेला सकाळी ये. रात्री येऊन पहाटे जाऊ नकोस. दिवसा ये, सगळ्यांना दिसेल असा.

तुझ्याच आईची,
अंजू